रिकामे आणि मोकळे

‘एकटा जीव सदाशिव’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण उच्चारणारा मनुष्य बहुधा स्वतः एकटा नसतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चार मुले, दोन वृद्ध आणि महिनाभर मुक्काम ठोकून बसलेला एक पाहुणा ज्याच्या घरी आहे, असा गृहस्थच ओसरीवर बसून एखाद्या ब्रह्मचाऱ्याकडे पाहत हे उद्गार काढतो. आणि त्यांत कीव अधिक की हेवा अधिक, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. आपणां मराठी मध्यमवर्गीयांस एकटे राहण्याची सवय नाही. आपले बालपण सामायिक अंथरुणावर, तारुण्य सामायिक बिऱ्हाडात आणि प्रौढपण सामायिक काळज्यांत जाते. यात्रेस जावयाचे ते मेळ्याने, लग्नास जावयाचे ते वऱ्हाडाने. एकट्याने जावयाचे ठिकाण काय ते एकच, आणि तेथेही पोचवावयास चौघे लागतात.

आपल्या भाषेत ‘रिकामे’ आणि ‘मोकळे’ हे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात आणि पुष्कळदा एकमेकांचे कपडे घालून हिंडतात. रिकामी जागा आणि मोकळी जागा यांत कोणी फारसा भेद करीत नाही. तथापि केस मोकळे सोडतात, रिकामे सोडीत नाहीत. रडून मन मोकळे होते, रिकामे होत नाही. आणि पेटी रिकामी करतात तेव्हा तीत मोकळेपणा आला असे कोणी म्हणत नाही. रिकाम्यात काहीतरी नसते. मोकळ्यात काहीतरी अडत नसते. हा भेद आम्हांस कोशावरून कळला नाही. तो कळावयास साठीच्या उंबरठ्यावर मोटारसायकलीवर बसून दीड हजारांहून अधिक किलोमीटर जावे लागले.

सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून आम्ही २०१८ साली निवृत्त झालो. लोकांच्या जमिनी मोजणे, बांध कोणाचा आणि विहीर कोणाच्या हद्दीत हे ठरविणे, नकाशे काढणे, आणि वादी व प्रतिवादी या दोघांच्याही शिव्या समभावाने ऐकणे, असे त्या चाकरीचे स्वरूप होते. निवृत्तीनंतर जो भेटे तो एकच प्रश्न विचारी : “मग आता रिकामेच ना?” विचारणाराच्या मनात काही वाकडे नसे, परंतु दिवसातून तीनदा हा प्रश्न ऐकला की मनुष्य आपल्या उरलेल्या आयुष्याकडे रिकाम्या डब्यात डोकावल्यासारखे पाहू लागतो. आम्हीही पाहू लागलो होतो. सकाळचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत पुरविण्याची कला साध्य झाली होती, आणि भिंतीवरील घड्याळाचा आवाज घरात इतका मोठा असतो हे प्रथमच समजले होते.

अशा अवस्थेत २०१९ च्या जून महिन्यात आम्ही सपत्नीक आमच्या कन्येकडे कॅनडातील विनिपेग येथे गेलो. हे शहर मॅनिटोबा प्रांताची राजधानी. त्याच्या पश्चिमेस सस्कॅचवान आणि त्यापलीकडे अल्बर्टा असे दोन प्रांत ओलांडून गेले की रॉकी पर्वताच्या अलीकडे कॅलगरी लागते. ही सारी वाट सुमारे तेराशे किलोमीटरांची, आणि तीवर डोंगर म्हणावा असा एकही नाही. ‘प्रेअरी’ म्हणून जो गवताळ मैदानी मुलूख आपण शाळेच्या भूगोलात एका ओळीत संपविला, तो हाच. जावईबापूंची मोटारसायकल पडवीत उभी होती. तरुणपणी राजदूत मोटारसायकलीवर मोजणीचे सामान बांधून आम्ही जुन्नर-आंबेगावकडील गावे पालथी घातलेली. तेव्हा ती पाहून हात शिवशिवू लागले. आवश्यक ते परवाने बरोबर होतेच.

विचार बोलून दाखविताच घरात तत्काळ सभा भरली. “अहो, पण तिथे बघायला आहे काय?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. “बाबा, तुम्ही विमानाने जा ना, वाटेत काही नाहीच,” असे कन्या म्हणाली. जावईबापू तर तेथलेच मुरलेले. ते म्हणाले की त्यांचे स्नेही हा पट्टा मुद्दाम रात्री मोटार हाकून काढतात, म्हणजे उजाडता उजाडता एकदम पर्वतच दिसावेत. एखाद्या मुलखात काहीच नाही असे तीन शहाणी माणसे एकमुखाने सांगू लागली की जुन्या मोजणीदाराचे कान टवकारतात. सरकारी कागदात जी जमीन ‘पडीक’ म्हणून लिहिलेली असते, तिच्यातूनच बहुधा सर्वांत अधिक भांडणे निघतात, असा त्याचा अनुभव असतो. आम्ही निघालो.

येथे कोणी चिकित्सक वाचक विचारील, की प्रवास एकट्याचा आणि लेखात ‘आम्ही’ कोण? लेखनातला हा एक जुना शिष्टाचार आहे, हे एक उत्तर. दुसरे असे, की ओसाड रस्त्यावर तासभर एकट्याने मोटारसायकल हाकली की मनुष्याचे आपोआप दोन होतात. एक हाकतो आणि दुसरा बडबडतो. दोघांचेही भाडे एकच पडते.

विनिपेगच्या बाहेर पडताच जमीन अशी सपाट होते, की सारवलेल्या अंगणालाही तिच्याहून अधिक चढउतार असावेत. याचे कारण असे, की हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाचे एक अवाढव्य सरोवर येथे हजारो वर्षे पसरलेले होते. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास अगासीझ सरोवर म्हणतात. ते आटले आणि त्याचा तळ तेवढा उरला. त्या तळावर आज शेते आहेत. डोंगराळ मुलखात वाढलेल्या आम्हांस पहिल्या दिवशी या सपाटीची भीतीच वाटली. आमच्याकडे दृष्टी गेली की तिला अडवावयास कोठे ना कोठे एखादा सुळका, एखादा किल्ला उभा असतो. येथे दृष्टी निघते आणि परत येत नाही.

पण मोजण्याची सवय सुटत नाही. खोगिरावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरला, तर अगदी सपाट भूमीवर त्याचे क्षितिज चार-साडेचार किलोमीटरांवर असते. म्हणजे जी भूमी अनंत भासते, तिचा आपणांस दिसणारा भाग आपल्या मावळातील एखाद्या खोऱ्याहून फारसा मोठा नसतो! अनंताचा भास तिच्या आकाराने होत नसून, पुढे गेले तरी तेवढाच भाग पुन्हा पुढे राहतो, त्यामुळे होतो. याउलट एखादी उंच वस्तू मात्र फार लांबून दिसते. या प्रदेशातील जुन्या गावांची खूण म्हणजे आगगाडीच्या रुळालगत उभे असलेले लाकडी धान्यकोठार. त्यास तेथे एलेव्हेटर म्हणतात. पंचवीस मीटर उंचीचे असे कोठार सुमारे बावीस किलोमीटरांवरून डोके वर काढते. ताशी शंभरच्या वेगाने गेले तरी तेथे पोचावयास तेरा मिनिटे लागतात, आणि त्या तेरा मिनिटांत ते गाव मोठे आहे की लहान, तेथे पेट्रोल मिळेल की नाही, कॉफी ताजी असेल की सकाळची, यांविषयी नाना तर्क करता येतात. एके काळी अशी पाच हजारांवर कोठारे या तीन प्रांतांत होती. आज थोडीच शिल्लक आहेत. शेतकऱ्याने बैलगाडीने वा घोडागाडीने एका दिवसात धान्य घालून परत जावे, या हिशेबाने ती जवळजवळ बांधली होती. पुढे मोठे ट्रक आले, दूर दूर अंतरावर सिमेंटची प्रचंड कोठारे झाली, आणि जुन्या कोठाराबरोबर पुष्कळ गावांचे दुकान, शाळा आणि अखेर गावपणही गेले.

आणि वारा! एकटे जाण्याचा जो काही अभिमान होता, तो या वाऱ्याने पहिल्या दोन तासांतच काढून घेतला. हा बहुधा पश्चिमेचा. म्हणजे आम्हांस समोरचा. तो वळून आडवा झाला की सरळ रस्त्यावरही गाडी कलती धरूनच चालवावी लागते, जणू काही आपण तास न् तास एकाच वळणावर आहोत. समोरून मालाचा मोठा ट्रक आला की क्षणभर वारा तुटतो, आणि तो जाताच थप्पड मारल्यासारखा परत येतो. मोटारीत बसलेल्या माणसास जी भूमी काचेआडचे चित्र वाटते, ती दुचाकीवरच्या माणसास अंगावर झेलावी लागते. मोहरीच्या जातीच्या कनोला या पिकाची जुलैमधील पिवळी शेते आधी नाकाला कळतात आणि मग डोळ्यांस दिसतात. ओढ्यावरून जाताना गारवा गुडघ्यांस लागतो. जवस फुललेले असले तर दूरवर तळे आहे असा भास होतो. समोरून एखादा मोटारसायकलवाला आलाच, तर तो डावा हात खाली सोडून दोन बोटांनी रामराम करतो. दिवसभरात असे पाच-सहाच भेटतात. पण त्या दोन बोटांनी पुढचा तास सुखाचा जातो.

दुसऱ्या दिवशी सस्कॅचवानमध्ये शिरलो. तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, म्हणजे निवृत्त माणसास आणखी एक तास फुकट मिळतो. या प्रांतात आम्हांस पहिल्यांदा लक्षात आले की आपण मोकळ्या रानातून जात नसून एका आखलेल्या कागदावरून जात आहोत. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे रस्ते ठराविक मैलांनी एकमेकांस काटकोनात छेदीत क्षितिजापर्यंत गेलेले आहेत. १८७१ पासून कॅनडा सरकारने ही सारी भूमी मोजून काढली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौक. त्यात छत्तीस तुकडे. प्रत्येक तुकडा सहाशे चाळीस एकरांचा. आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे एकशे साठ एकर, १८७२ च्या कायद्याप्रमाणे दहा डॉलर शुल्क भरून तेथे राहून जमीन कसणाऱ्यास मिळावयाचा. एकशे साठ एकर म्हणजे सहा हजार चारशे गुंठे! दोन गुंठ्यांसाठी सख्ख्या भावांनी उच्च न्यायालयापर्यंत गेलेले ज्याने पाहिले आहे, त्याचे डोके हा हिशेब करताना गरगरल्याशिवाय राहत नाही.

हे सारे ज्या साखळीने मोजले, ती सहासष्ट फुटांची. आपल्या गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, म्हणजे बरोबर त्या साखळीची अर्धी. एकाच साम्राज्याच्या मापाने सह्याद्रीचे उतार आणि ही गवताची राने अशी दोन्ही बांधली गेली होती. आम्ही खात्यात शिरलो तेव्हा जुने मोजणीदार शंकू आणि साखळीच्या गोष्टी सांगत; त्यांची आठवण रिजायनाच्या अलीकडे आम्हांस वारंवार होऊ लागली. एका खडीच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाताना तर आमच्या कलेतील एक अडचण प्रत्यक्ष भेटली. बाणासारखा सरळ चाललेला रस्ता काही कारण नसता एकाएकी काटकोनात वळला, थोडे अंतर बाजूला गेला, आणि पुन्हा पूर्ववत् सरळ झाला. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट कागदावरचे चौकोन तिच्यावर बसत नाहीत. म्हणून दर चोवीस मैलांवर ही चूक दुरुस्त करून घेतात. कागद कितीही हट्टी असला तरी पृथ्वीने त्यास चोवीस मैलांवर एकदा वाकावयास लावलेच आहे, हे पाहून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, समाधान वाटले.

त्या साखळीवर एकदा पायही पडला होता. १८६९ च्या ऑक्टोबरात, ही मोजणी नुकतीच सुरू होत असता, विनिपेगजवळ मेती लोकांच्या एका तुकडीने सर्वेक्षकांस अडविले. मेती म्हणजे फ्रेंच वगैरे युरोपीय बाप आणि तद्देशीय आया यांच्यापासून झालेला समाज. नदीकाठी त्यांची लांबट पट्ट्यांची शेते होती, आणि त्यांस न विचारता त्यांवरून चौकोन आखले जात होते. त्यांचा तरुण पुढारी लुई रियेल याने साखळीवर पाय ठेवून पुढे जाण्यास मनाई केली. त्यातून मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला. आणि सोळा वर्षांनी, १८८५ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या एका उठावानंतर, त्याच रियेलला रिजायना येथे फाशी देण्यात आले. मोजणीच्या कामावर लोकांनी धोंडे घेऊन धावून आलेले आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी अडविणारा नेहमी एकच गोष्ट सांगत असतो, की ही जागा तुम्हांस रिकामी दिसते, पण ती रिकामी नाही.

कारण ती खरोखरच रिकामी नव्हती. क्री, असिनिबोइन, ब्लॅकफूट इत्यादी लोक आणि त्यांचे अन्न, वस्त्र व निवारा असे सर्व काही असलेले रानगवे या गवतावर पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. उत्तर अमेरिकेच्या या मैदानांवर काही कोटी गवे होते असा अंदाज आहे. बंदूक, कातड्यांचा व्यापार आणि आगगाडी यांच्या योगाने १८८० च्या सुमारास कॅनडातील कळप संपले. आजची रिजायना नगरी ज्या जागी आहे, तेथे क्री लोकांनी रचलेले गव्यांच्या हाडांचे ढीग होते, आणि १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या गौरवार्थ हे नाव पडण्यापूर्वी त्या जागेस ‘हाडांचा ढीग’ असेच म्हणत. पुढे रानोमाळ पडलेली हाडेही गोळा करून खतासाठी व साखर शुद्ध करण्यासाठी गाड्या भरभरून नेण्यात आली. गवे गेल्यावर उपासमारीने वाकलेल्या लोकांस करारान्वये नेमून दिलेल्या वसाहतींत बसविले गेले. १८८५ नंतर त्यांस वसाहतीबाहेर पाऊल टाकावयाचे तर सरकारी एजंटाची लेखी चिठ्ठी लागे. ही चिठ्ठी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, तरी तो प्रकार कित्येक दशके चालला. सातासमुद्रांपलीकडून आलेले आम्ही त्याच भूमीवरून मनास येईल तिकडे चाक वळवीत होतो, आणि ज्यांची ती भूमी, त्यांच्या आज्यापणज्यांस शेजारच्या गावी मुलीला भेटावयास जाण्यासाठी चिठ्ठी मागावी लागत होती, हे कळल्यापासून आमच्या मोकळेपणाची चव थोडी बदलली. ती बदलावयास हवीच होती.

मूस जॉ गाव मागे टाकून आम्ही राजमार्ग सोडला आणि दक्षिणेस असिनिबोइयाच्या दिशेने निघालो. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ निळेकाळे झाले. मैदानात वादळ लपतछपत येत नाही. ते तासभर आधी आपली सारी सेना दाखवून मग चाल करते. विजा जमिनीस टेकताना दिसत होत्या, आणि आजूबाजूस पाहता त्या प्रदेशातील सर्वांत उंच वस्तू आम्हीच आहोत असे ध्यानात आले. कडेला थांबून पावसाळी कोट चढवीत होतो, तोच मागून एक पिकअप गाडी येऊन उभी राहिली. हाकणारा साठीचा शेतकरी. “काही अडचण आहे काय?” असे त्याने विचारले; आणि उत्तराची वाट न पाहता, “माझ्या मागून या,” एवढेच सांगून तो पुढे झाला. अर्ध्या कोसावर झाडांच्या दाट रांगेआड त्याचे घर होते. उघड्या माळावर ही झाडे कशी, असे आम्ही पुढे विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ती त्याच्या आजोबांनी लावलेली. १९३० नंतरच्या अवर्षणात या भागातील माती वाऱ्याने उडून गेली. भर दिवसा दिवे लावावे लागत. त्या काळात इंडियन हेड या गावच्या सरकारी रोपवाटिकेने शेतकऱ्यांस लाखो रोपे फुकट वाटली. १८५७ ते १८६० या काळात पॅलिसर नावाच्या प्रवाशाने हा भाग शेतीस कोरडा आहे असा अहवाल दिलाच होता. पण ज्यांस जमीन वाटावयाची घाई असते, ते असले अहवाल वाचीत नाहीत.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये पाऊस इतका वाजत होता की पहिली दहा मिनिटे बोलणेच शक्य नव्हते. आवाज थोडा उतरल्यावर, आम्ही कोठले, असे त्याने विचारले. हिंदुस्थानचे नाव ऐकताच तो सरसावून बसला, आणि त्याने जो प्रश्न केला तो आम्ही जन्मात विसरणार नाही. तो म्हणाला, “तुमच्याकडे पाऊस झाला का?”

त्या वर्षी आपल्याकडे जून कोरडा गेला होता. सरासरीहून तेहतीस टक्के पाऊस कमी पडला होता, आणि हा आकडा सस्कॅचवानमधील त्या शेतकऱ्यास तोंडपाठ होता. कारण त्याने सहाशे एकरांत मसूर पेरली होती. वाटेत गुडघ्याहूनही खुजी, फिकट हिरवी शेते आम्ही दिवसभर पाहत आलो होतो, ती मसुरीची. १९७० पूर्वी या प्रदेशात मसूर जवळजवळ कोणी पेरीत नसे. गहू अतोनात पिकून भाव पडल्यावर दुसरे पीक शोधण्याचे काम सस्कॅचवान विद्यापीठात १९७२ मध्ये आलेल्या अल स्लिंकार्ड या संशोधकाकडे आले, आणि १९७८ मध्ये त्याने लेअर्ड नावाचे मसुरीचे वाण दिले. तेव्हापासून ही भूमी जगास मसूर पुरवीत आहे, आणि त्यातील पुष्कळशी आपल्या ताटात पडत आली आहे. पण २०१७ च्या डिसेंबरात आपल्या सरकारने परदेशी मसुरीवर तीस टक्के जकात बसविली, आणि येथला भाव कोसळला. “ती जकात केव्हा उठेल?” असे तो आम्हांस विचारीत होता, जणू काही आम्ही पुण्याहून दिल्लीचे उत्तर खिशात घालूनच निघालो होतो.

आम्ही त्यास दुसरी बाजू सांगितली. त्या आधीच्या वर्षी आपल्याकडे कडधान्यांचे पीक अमाप आले होते. तुरीचा भाव हमीभावाच्याही खाली गेला होता. आणि विदर्भ-मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यापाशी सहाशे काय, सहा एकरही नसतात, त्याने काय करावे? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुमच्याकडे दुष्काळ पडावा असे माझ्या मनात कधी येत नाही. पण तुमच्याकडचा पाऊस कमी झाल्याची बातमी आली की माझी बायको बँकेचा हिशेब काढून बसते. मला त्याचे वाईट वाटते.” इतके प्रामाणिक वाक्य आम्ही चौतीस वर्षांच्या चाकरीत कोणत्याही वादीच्या तोंडून ऐकले नव्हते. जकात पुढल्या वर्षांत कधी खाली आली, कधी फिरली. पण दोन शेतकऱ्यांच्या मध्ये असलेला तो पाऊस अजून तसाच आहे. निघताना त्याने पाच किलो मसुरीची पिशवी खोगिरावर बांधून दिली. तिचे आम्ही काय करू, असे त्याने कुतूहलाने विचारले. फोडणी म्हणजे काय हे इंग्रजीत सांगण्याचा आम्ही केलेला यत्न निष्फळ झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सीमेजवळच्या व्हॅल मारी नावाच्या खेड्याशी पोचलो. नांगराचे तोंड न पाहिलेल्या गवताचा मोठा टापू तेथे राष्ट्रीय उद्यान म्हणून १९८१ पासून राखण्यास आरंभ झाला, आणि २००५ च्या डिसेंबरात अल्बर्टातून काही रानगवे आणून तेथे पुन्हा वसविण्यात आले. टेकाडावर गाडी उभी करून आम्ही पायी निघालो. गवतात ठिकठिकाणी दगडांची वर्तुळे होती. तंबूच्या कडा वाऱ्याने उडू नयेत म्हणून दाबलेले ते दगड. तंबू उचलले, माणसे गेली, आणि दगड तेथेच राहिले. अशी हजारो वर्तुळे या रानात आहेत. आम्ही जन्मभर ज्या हद्दीच्या दगडांस शेंदूर फासला गेलेला पाहिला, ते दगड ‘येथून माझे’ असे सांगतात. हे दगड ‘येथे आम्ही निजलो होतो’ एवढेच सांगत होते. पुढे एक मोठी एकाकी शिळा लागली. तिच्या कडा देवळाच्या उंबरठ्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, आणि भोवतीची जमीन खोलगट झाली होती. हजारो वर्षे गव्यांनी तीस अंग घासल्यामुळे ती अशी झाली आहे. मध्ये शंभराहून अधिक वर्षे तीस कोणी अंग लावले नसेल. आता तिच्या खाचेत तपकिरी केसांचा ताजा पुंजका अडकला होता.

सूर्य मावळावयास तेथे जुलैत रात्रीचे नऊ वाजून जातात. त्या वेळी वारा पडला, आणि तीन दिवसांत प्रथमच कानांस शांतता मिळाली. ती शांतता आमच्या घरातील घड्याळाच्या आवाजासारखी नव्हती. गवतात किडे होते, दूर कोल्हे होते, आणि समोरच्या उतारावर सात-आठ काळे ठिपके सावकाश चरत होते. करावयाचे काही नव्हते, आणि काही करावयाचे राहिले आहे असेही वाटत नव्हते.

पुढे चार दिवसांनी आम्ही कॅलगरीस पोचलो. विनिपेग समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे चाळीस मीटर उंच आणि कॅलगरी सुमारे एक हजार पंचेचाळीस. म्हणजे खंडाळ्याच्या घाटाहून अधिक चढ आम्ही एकदाही न जाणवता चढून आलो होतो. पर्वत दिसले, ते सुंदर आहेत, आणि त्यांचे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे.

‘रिकामे’ हा शब्द वर्णनाचा आहे असे आम्ही समजत होतो. तो वस्तुतः हक्काचा आहे, असे या प्रवासावरून आम्हांस वाटू लागले. ज्यास एखादी भूमी घ्यावयाची असते, तो आधी तीस रिकामी म्हणतो. माणसाच्या वेळेचेही असेच. आमच्या लहानपणी घरात आमची एक विधवा आत्या होती. पापड लाटावयाचे असोत, कोणाचे बाळंतपण असो, आजाऱ्याच्या उशाशी जागावयाचे असो. “आक्का रिकामीच आहे ना,” असे कोणीतरी म्हणे, आणि तिचा दिवस चौकोन आखून वाटला जाई. तिच्या दिवसावर तिचे नाव कोणत्याच उताऱ्यात नव्हते. मात्र दुपारी दोन ते तीन या वेळात ती परसातील विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसे आणि हाक मारली तरी ओ देत नसे. ती तेथे काय करीत असे, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. जपमाळ तिच्या हाती नसे, शिवणही नसे. ती नुसती समोर पाहत असे, आणि तीन वाजता उठून पदर सावरून स्वयंपाकघरात येई. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असे, त्यास कोणते नाव द्यावे हे आम्हांस त्या काळी कळत नव्हते. व्हॅल मारीच्या टेकाडावर अंधार पडेपर्यंत बसलो असता ते कळले.